सह्याद्रीतली पाऊलवाट दर पावसाळ्यात का वाहून जाते?

सिंहगडावर नेमाने पायी जाणाऱ्या कुणालाही विचारा, आतकरवाडीच्या वाटेवर कुठे घसरायला होतं, कुठे पायरी निसटली आहे, कुठे दगड हलतो. तो डोळे मिटून सांगेल. पण वाट खराब का होते असं विचारलं की उत्तर ठरलेलं: गर्दी वाढली. हे उत्तर अर्धंच खरं आहे. माणसांचे पाय माती मोकळी करतात, पण ती दरीत नेऊन टाकणं पायांना जमत नाही. ते काम पाणी करतं. म्हणून डोंगरातल्या वाटेची डागडुजी म्हणजे खड्डे बुजवणं नव्हे. पाण्याला वाटेवरून लवकरात लवकर बाजूला काढून देणं, हेच त्यातलं नव्वद टक्के काम.

आधी बिघाड कसा होतो ते बघू. गवताळ उतारावरून रोज शे-दोनशे माणसं एकाच ओळीत चालू लागली की पहिल्यांदा गवत मरतं. मग उघडी पडलेली माती पायाखाली दबून इतकी घट्ट होते की पाणी तिच्यात मुरत नाही, वरून वाहतं. वाहताना थोडी थोडी माती घेऊन जातं आणि वाट आजूबाजूच्या जमिनीपेक्षा खाली बसते. एकदा का तिला पन्हळीचा आकार आला की खेळ संपला. दोन्ही बाजूंचं पाणी तिच्यात उतरतं आणि बाहेर पडायला जागा नसल्यामुळे थेट खालच्या वळणापर्यंत धावतं.

या धावण्यातच सगळी गोम आहे. पाण्याचा वेग दुप्पट झाला तर ते दुप्पट वजनाचा दगड ढकलेल असं आपल्याला वाटतं. नदीच्या प्रवाहाचा अभ्यास करणाऱ्यांचा जुना हिशेब वेगळं सांगतो: वेग दुप्पट झाला की ढकलता येणाऱ्या दगडाचं वजन तत्त्वतः ६४ पट होतं. म्हणून दहा मीटर वाटेवरून वाहणारं पाणी नुसती धूळ नेतं, आणि तेच पाणी न अडता साठ-सत्तर मीटर धावलं की नारळाएवढे दगड गडगडत नेतं. वाटेची निगा राखणाऱ्याने पाण्याला वेग धरायला वेळच द्यायचा नाही.

पुढचा भाग माणसांचा. मधली पन्हळ खोल आणि चिखलाची झाली की आपण कडेच्या गवतावरून चालतो. मग ती कडही मरते. दोन-तीन पावसाळ्यांत एका वाटेच्या तीन समांतर वाटा होतात आणि लांबून डोंगराच्या सोंडेवर ओरखडे काढल्यासारखं दिसू लागतं. राजगडावर, तोरण्यावर, लोहगडाच्या आसपास, जिथे जाल तिथे हे दिसेल.

आपल्या डोंगरांची घडणही या कामी थोडी अडचणीची आहे. पुण्याच्या पश्चिमेचा सगळा सह्याद्री लाव्ह्याच्या थरांचा. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी हे थर एकावर एक साचले. काही थर कडक, काही भुसभुशीत. कडक थराचा उभा कडा होतो आणि मऊ थर झिजून त्याच्या पायथ्याशी पदर तयार होतो. कड्यावरची वाट कातळातली असल्यामुळे शेकडो वर्षं टिकते. तिथल्या खोदीव पायऱ्या आजही जागच्या जागी आहेत. खरी वाताहत होते ती मधल्या पदरावर, मुरमाच्या आणि लाल मातीच्या पट्ट्यात. उन्हाळ्यात हाच मुरूम गोट्यांसारखा पायाखालून सरकतो, ट्रेकर ज्याला घसारा म्हणतात तो हा. पावसात तोच पाणी पिऊन सुटतो.

आणि पाऊस तरी किती? पुणे शहरात वर्षाला साधारण ७०० ते ७५० मिलिमीटर. तिथून जेमतेम पन्नास-साठ किलोमीटरवरच्या ताम्हिणीत ५,००० मिलिमीटरच्या पुढे. तोही जेमतेम चार महिन्यांत. पुण्यात बसून ‘यंदा काही फार पाऊस नाही झाला’ म्हणणाऱ्याला घाटमाथ्यावरच्या वाटेचं काय झालं असेल याचा अंदाज येत नाही, तो यामुळे.

आता थोडं गणित, पण सोपं. वाटेचा चढ टक्क्यांत मोजतात. शंभर मीटर पुढे गेल्यावर दहा मीटर उंची वाढली तर चढ दहा टक्के. वाट आखणाऱ्यांचे जगभर दोन ठोकताळे आहेत. एक, मातीच्या वाटेचा सरासरी चढ दहा टक्क्यांच्या आसपास असावा. दोन, वाटेचा चढ ती ज्या उतारावरून जाते त्या उताराच्या निम्म्यापेक्षा जास्त नसावा. दुसरा नियम जास्त महत्त्वाचा, कारण त्यात पाण्याचं मन ओळखलेलं आहे. पाणी नेहमी सगळ्यात उभ्या दिशेने उतरतं. वाट उताराला आडवी असेल तर पाणी ती ओलांडून निघून जातं. वाटच उभी असेल तर पाण्याला वाटेसारखी दुसरी सोय नाही.

सिंहगडाला हे लावून बघा. आतकरवाडीपासून पुणे दरवाजापर्यंत पावणेतीन किलोमीटरच्या आसपास चाल आणि सुमारे ६०० मीटर चढ. म्हणजे सरासरी २२ टक्के. ठोकताळ्याच्या दुपटीहून जास्त. दहा टक्क्यांनी चढायचं ठरवलं तर तीच वाट सहा किलोमीटर लांब करावी लागेल, आणि ती केली तर पुणेकर दर वळणावर शॉर्टकट मारून पुन्हा उभी वाट पाडतील याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तेव्हा तिथे दगडी पायऱ्या आणि वरचेवर डागडुजी याला पर्याय नाही. अशा वाटेवर एकदाच भरपूर पैसे खर्चून काम संपवू असं कुणी म्हणत असेल तर त्याने डोंगर नीट पाहिलेला नाही.

गडांच्या वाटांना दोष देण्यात मात्र अर्थ नाही. त्या काळी गडाची वाट चढायला सोपी असणं हीच उणीव समजली जाई. शत्रूने धापा टाकत, एकामागून एक, वरच्या बुरुजाच्या माऱ्यात यावं म्हणून त्या मुद्दाम अवघड ठेवलेल्या. शनिवार-रविवारी हजारो माणसं हौसेने चढतील हे कुणाच्या हिशेबात असणार? नाळेच्या वाटांची तर गोष्टच वेगळी. नाळ म्हणजे मुळात पाण्याची वाट, आपण तिथले पाहुणे. तिथे डागडुजी करायला जाऊ नये. दर पावसाळ्यात पाणी तिथले दगड नव्याने मांडतं आणि वाट नव्याने शोधायची असते.

मग जिथे दुरुस्ती होऊ शकते तिथे करतात काय?

सगळ्यात पहिलं आणि सगळ्यात दुर्लक्षित काम म्हणजे बाहेरच्या कडेचा वरंबा काढणं. आडव्या वाटेवर चालून चालून मधली माती दबते आणि थोडी माती बाहेरच्या कडेला सरकून तिचा लहानसा वरंबा तयार होतो. त्यावर गवत उगवतं, तो पक्का होतो. दिसायला सुरक्षित कठड्यासारखा, पण पाणी अडवून वाटेवरूनच वाहायला लावतो तो हाच. फावड्याने तो खरवडायचा, ती माती वाटेच्या मधल्या खोलगट भागात टाकायची आणि चोपायची. वाटेला बाहेरच्या बाजूला किंचित उतार हवा, एक मीटर रुंदीला पाच सेंटीमीटर, म्हणजे तीन बोटं. झालं की बाटलीभर पाणी मधोमध ओतून बघायचं. ते दोन पावलांत दरीकडे वळलं तर काम बरोबर. वाटेच्याच दिशेने घरंगळलं तर पुन्हा फावडं हातात घ्यायचं. पहिल्यांदा येणाऱ्यांना हे काम कंटाळवाणं वाटतं, कारण फोटोत काहीच दिसत नाही.

त्यापुढचा उपाय म्हणजे लांब उतरणीत मधेच वाट चार-सहा पावलं किंचित वर चढवायची. उतरत येणारं पाणी या चढाला अडतं आणि खोलगट जागेतून बाहेर पडतं. चालणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. नवी वाट आखताना ही युक्ती करता येते. जुन्या, उभ्या वाटेवर मात्र दगडी आडवे बांध घालावे लागतात. तेही कसे, ते जरा नीट सांगतो, कारण चुकीचे बांध मी सगळीकडे पाहतो. दगड वाटेला काटकोनात ठेवला तर पाणी त्यावर आपटतं, गाळ टाकतं आणि वर्षभरात बांध बुजतो. तो साधारण ४५ अंशांत तिरका हवा, म्हणजे पाणी न थांबता सरकत बाहेर जातं. दगडाचा दोनतृतीयांश भाग जमिनीत हवा. त्याची दोन्ही टोकं वाटेच्या पलीकडे गेलेली हवीत, नाहीतर पाणी वळसा घालतं आणि पाण्यामागून माणसंही. आणि बाहेरच्या टोकाला पाण्याला जायला मोकळा चर हवा. हा चर पालापाचोळ्याने भरला की बांध असून नसल्यासारखा. चढ जितका खडा तितके बांध जवळजवळ.

वाटेची दरीकडची बाजू ढासळली असेल तर गडगा रचतात. सिमेंटशिवाय, नुसत्या दगडांचा. गावातल्या जुन्या माणसांना शेताच्या ताली, म्हणजे दगडी बांध, रचायची सवय असते आणि त्यांचा हात या कामात शहरी इंजिनिअरपेक्षा सरस चालतो. सगळ्यात मोठा दगड तळाला, कडक जमिनीत खोदून बसवलेला. दगडाची लांब बाजू डोंगराच्या आत. सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही, भेगांत चिपा ठोकायच्या, आणि सबंध भिंत डोंगराकडे थोडी कललेली. पाठीमागे माती न भरता लहान दगड भरायचे, म्हणजे आतलं पाणी झिरपून निघून जातं. सिमेंटने भेगा बंद केल्या की पाणी मागे तुंबतं आणि एखाद्या रात्री ते सगळी भिंत घेऊन खाली उतरतं. सिमेंटच्या पायऱ्यांचं हेच होतं. पाणी पायरीखालून माती पोखरतं, वरची फरशी काही दिवस हवेत तरंगते, मग मोडते, आणि उघडे पडलेले तुकडे आणि सळ्या मूळ मुरमापेक्षा जास्त घातक होऊन बसतात.

मोठे दगड हलवायला पहार लागते आणि घाई करायची नसते. दगड उचलायचा नाही, पहारीच्या टोकाने इकडून तिकडून कलवत ‘चालवत’ न्यायचा. खाली वाटेवर कुणी नाही याची खात्री झाल्याशिवाय तर हातच लावायचा नाही. दगडाखाली विंचू आणि फुरसं निघतं, म्हणून तो नेहमी आपल्या दिशेने उचकटायचा, म्हणजे खालचं जनावर पलीकडे मोकळं होतं आणि मध्ये दगडाची आड राहते.

आता वेळापत्रक. कामाचे दिवस पाऊस ठरवतो, कॅलेंडर नाही. एप्रिल-मेमध्ये जमीन लोखंडासारखी असते, टिकाव मारला की ठिणगी उडते. या काळात खोदकाम म्हणजे नुसता घाम. मात्र दगड गोळा करून जागेवर आणून ठेवायला हे दिवस बरे. मग वळवाच्या एक-दोन सरी येतात आणि माती ओलसर होते. हीच खरी संधी. कोरडी माती चोपून बसत नाही आणि चिखलही बसत नाही. मुठीत दाबल्यावर लाडू वळेल इतकी ओल हवी. रोहिणी लागल्यापासून मृगाचा पाऊस धरेपर्यंतचे दहा-पंधरा दिवस सोन्यासारखे. त्यात सगळे चर उपसायचे, वरंबे काढायचे, बांधांची तोंडं मोकळी करायची.

पहिला मोठा पाऊस पडतो तेव्हा बहुतेक जण भजी खायला निघतात. वाटेचं काम करणाऱ्याने त्याच दिवशी वाटेवर असलं पाहिजे. फावडं नको, नुसतं बघायचं. पाणी कुठून वाटेत शिरतं, किती अंतर धावतं, कुठे बाहेर पडतं, कुठला बांध ओलांडून जातं. कोरड्या दिवसांत तासभर डोकं लावून जे कळत नाही ते दहा मिनिटांच्या पावसात दिसतं. मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फोटो काढून ठेवले की ऑक्टोबरच्या कामाची यादी तयार.

जुलै-ऑगस्टमध्ये खोदकाम बंद. उतार पाण्याने जड झालेला असतो, दरड केव्हा सुटेल सांगता येत नाही. ३० जुलै २०१४ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव दरडीखाली गाडलं गेलं, तेही असेच सततच्या पावसाचे दिवस होते. या महिन्यांत फार तर चरात अडकलेली फांदी काढायची, आणि धोक्याची वाट असेल तर सरळ बंद ठेवायची.

दसऱ्याच्या सुमारास पाऊस ओसरतो आणि दुसरा हंगाम सुरू होतो. गवत छातीएवढं वाढलेलं, करवीची झुडपं दोन्हीकडून वाटेवर झुकलेली. इथे कोयत्याचं काम. वाट मोकळी करायची म्हणजे पाठीवर पिशवी असलेला माणूस कुठे न अडकता जाईल एवढीच, रस्ता करायचा नाही. करवी कापताना तिरका घाव घालायचा मोह होतो. पण तिरका कापलेला खुंट भाल्यासारखा उभा राहतो आणि घसरून पडणाऱ्याच्या मांडीत घुसू शकतो. म्हणून जमिनीलगत, सपाट. मुळं उपटायची नाहीत, उतारावरची माती त्यांनीच धरलेली असते. करवी सात-आठ वर्षांतून एकदा फुलते, त्या वर्षी तर शक्यतो हात आवरता घ्यावा. घाणेरी आणि रानमोडी मात्र खुशाल मुळासकट काढा, ती बाहेरून आलेली तणं, आपली नाहीतच. आणि कोयता चालवण्याआधी वर कड्याकडे बघून घ्यायचं, आग्या मोहोळ लटकलेलं असेल तर त्या दिवशी तिथे आवाज, धूर, अत्तर काहीच नको.

गडगे आणि पायऱ्यांची कामं नोव्हेंबर ते जानेवारी. फेब्रुवारीपासून वणव्याची धास्ती. वन विभाग १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा काळ धरतो आणि त्याआधी जाळरेषा काढतो, म्हणजे ठरावीक पट्ट्यातलं गवत आधीच काढून टाकतो, आग तिथे येऊन थांबावी म्हणून. पुष्कळ ठिकाणी पाऊलवाट हीच जाळरेषेचा भाग असते. वणव्याचा वाटेशी आणखी एक संबंध आहे, जो पटकन लक्षात येत नाही. उतारावरचं गवत जळालं की माती उघडी पडते, आणि जूनच्या पहिल्या सरीत ती सगळी खालच्या वाटेवर आणि चरांत येऊन बसते. मार्चमध्ये कुणीतरी टाकलेल्या विडीचा हिशेब जूनमध्ये फावड्याने चुकवावा लागतो.

हे सगळं कोणी करायचं? बरीचशी जमीन वन विभागाची. गावोगावच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्या काही ठिकाणी चांगलं काम करतात. सिंहगडाच्या पायथ्याला हे बघायला मिळतं. गडांवर दुर्गसंवर्धनाची मंडळं रविवारी श्रमदानाला जातात. त्यांच्याविषयी आदर ठेवूनच सांगतो, टाक्यातला गाळ काढायला, तोफ उचलायला, दरवाजा बसवायला पन्नास माणसं येतात आणि वाटेवरचे चर उपसायला पाच. टाकं साफ झालं की पाणी दिसतं. चर साफ केला की काहीच होत नाही, आणि काहीच न होणं हेच त्याचं यश असतं. अमेरिकेतल्या सुमारे साडेतीन हजार किलोमीटरच्या अॅपलेशियन ट्रेलवर यावर एक साधी व्यवस्था आहे: स्थानिक क्लबांनी वाटेचे तुकडे वाटून घेतलेत आणि आपापला तुकडा वर्षानुवर्षं तेच सांभाळतात. आपल्याकडे एखाद्या मंडळाने गड नव्हे, नुसतं दोन वळणांमधलं अंतर दत्तक घेतलं तरी पुष्कळ होईल. त्याच माणसांना तोच चर दरवर्षी उपसावा लागला की तो कुठे घालायला हवा होता हे आपोआप कळतं.

परवानगीचं तेवढं आधी बघा. उत्साहाच्या भरात टिकाव घेऊन निघालात तर गुन्हा दाखल होऊ शकतो. राखीव वनात भारतीय वन अधिनियम १९२७ लागू होतो, भीमाशंकरसारख्या अभयारण्यात शिवाय वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२. संरक्षित किल्ल्यावर पुरातत्त्व खात्याला विचारल्याशिवाय दगडही हलवायचा नाही. केंद्राच्या ताब्यातल्या स्मारकांभोवती तर १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई असते. जुलै २०२५मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यांत पुणे जिल्ह्यातले शिवनेरी, लोहगड आणि राजगड आहेत. तिथे आता हौशी दुरुस्तीला आणखीच वाव नाही. लेखी अर्ज, कामाचं ठिकाण दाखवणारा नकाशा आणि सोबत वनरक्षक, एवढी तयारी करून गेलं की काम अडत नाही. आणि गावातल्या एखाद्या गुराख्याला बरोबर घ्या. गुरं कधी सरळ उभी चढत नाहीत, आडवी आडवी जातात. नवी वाट कुठून काढावी हे पुष्कळदा ढोरवाटेवरूनच ठरवता येतं.

टिकाव न उचलणाऱ्यालाही एक गोष्ट करता येते. वाटेत चिखल लागला तर कडेच्या गवतावर चढू नका, सरळ मधून जा. बूट भरतील. पुण्यात परतल्यावर ते धुता येतात. मेलेली गवताची कड परत यायला मात्र दोन-तीन पावसाळे लागतात, तेही तोवर तिच्यावरून कुणी गेलं नाही तर.